टॅक्स साखरेवर लावा, बुडबुड्यांवर नको

गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या अनेक दावतींमधून परदेशी कोला गायब झाला. बॉयकॉट मनापासून पाळला आपण. पण दस्तरखानावर त्याच्या जागी काय आलं? देशी कोला आणि आंब्याच्या पेयाच्या बाटल्या. लेबल बदललं, साखर तीच. हसू नका, सरकारचंही असंच चाललंय.

22 सप्टेंबर 2025 पासून गॅसवाल्या गोड पेयांवर 40 टक्के जीएसटी आहे. त्यात साखर नसली तरी 40 टक्केच. आणि बिनगॅसचं, फळाच्या रसाचं म्हणून विकलं जाणारं गोड पेय मात्र 12 वरून 5 टक्क्यांवर आणलं. पॅकच्या मागची बारीक अक्षरं वाचा. त्यातल्या कित्येकांत कोलाइतकीच साखर असते, काहींत जास्तच. म्हणजे हा टॅक्स बुडबुड्यांवर आहे. आमच्याकडे कुणी ‘इफ’ची अट अशी चुकीच्या व्हेरिएबलवर लिहिली, तर कोड रिव्ह्यूत पहिल्याच मिनिटाला परत येते.

ब्रिटनने अट नीट लिहिली. एप्रिल 2018 मध्ये सुरुवातीचा दर असा होता: 100 मिलीत 5 ग्रॅम साखर असेल तर लिटरला 18 पेन्स, 8 ग्रॅमपासून पुढे 24 पेन्स, 5 च्या खाली शून्य. अनेक कंपन्यांनी टॅक्स भरण्यापेक्षा रेसिपी बदलली. स्कॉटलंडच्या आयर्न-ब्रूने साखर निम्म्याहून कमी केली (चाहत्यांनी जुन्या बाटल्या साठवून ठेवल्या, ते सोडा). आपल्याकडे कंपनीने साखर का काढावी? काढली तरी 40, ठेवली तरी 40.

“गरिबाची दहा रुपयांची बाटली महाग करणार का?” हा सवाल येणारच. देशात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचा आयसीएमआरचा 2023 चा अंदाज आहे. आयुष्यभराच्या गोळ्या आणि किडनी गेली तर आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस, हे त्या गरिबाला परवडतं का? शिवाय ग्रॅमवर टॅक्स असेल तर कमी साखरेची बाटली स्वस्त पडेल. आज ती सोय त्याला नाहीच.

नियम आहेत, तेही कोण पाळतं? एफएसएसएआयच्या 2020 च्या नियमानुसार शाळेच्या गेटपासून 50 मीटरच्या आत जास्त साखरेचे पदार्थ विकायला बंदी आहे. माझ्या मुलीच्या शाळेसमोरची टपरी मी मोजली: सतरा पावलं. तुमच्या मोहल्ल्यातली मोजा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी अर्ज द्या. टपरीवाल्या चाचांशी मात्र भांडू नका. त्यांचा फ्रिज बहुतेक वेळा कंपनीनेच दिलेला असतो.