इंजिन धुऊ नका, पुसा!

गावोगावच्या वॉशिंग सेंटरवर हल्ली एक पाटी हमखास दिसते. बॉडी वॉश इतके रुपये, आतून सफाई इतके, आणि 'इंजिन वॉश' हवा असेल तर वर आणखी इतके. माझा आक्षेप या तिसऱ्या ओळीला आहे. तो आज सविस्तर लिहूनच ठेवते, कारण तोंडी सांगितलं की लोक "हो बाई, बरोबर आहे तुमचं" म्हणतात आणि पुढच्याच रविवारी बॉनेट उघडून रांगेत उभे राहतात!

या इंजिन वॉशमध्ये करतात काय? गाडी येते ती रस्त्यावरून चालूनच येते, म्हणजे इंजिन तापलेलं. बॉनेट उघडायचं, डिझेल नाहीतर रॉकेल घातलेलं काहीतरी फवारायचं, दोन मिनिटं थांबायचं आणि मग जेटने झोडपून काढायचं. वरून एक चमक आणणारा स्प्रे. पंधरा मिनिटांत इंजिन कसं नव्या नवरीसारखं! मालक खूश, सेंटरवाला खूश. माझ्या मते या सगळ्या प्रकारात स्वच्छता सोडून बाकी सगळं आहे.

आधी त्या जेटचं बघू. टायरमध्ये आपण हवा भरतो ती साधारण ३० ते ३५ पीएसआय दाबाची. घरगुती वापराच्या प्रेशर वॉशरचा दाबसुद्धा १०० बारच्या आसपास असतो, म्हणजे सुमारे १४५० पीएसआय. टायरच्या चाळीसपट! एवढ्या दाबाचं पाणी वीतभर अंतरावरून जिथे मारायचं तिथे काय असतं? अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, इग्निशन कॉइल, डझनावारी सेन्सर आणि त्यांचे नाजूक प्लग.

यावर हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "अहो, पावसात गाडी चालते तेव्हा नाही का पाणी जात?" जातं ना. पण पाऊस वरून पडतो आणि वर बॉनेट असतं. खालून उडतात ते शिंतोडे. प्लगच्या रबरी कडा त्या शिंतोड्यांसाठी केलेल्या असतात, जेटसाठी नव्हे. छत्रीने पाऊस अडतो म्हणून छत्री घेऊन धबधब्याखाली उभं राहायचं का?

दुसरा युक्तिवाद असा, की "आम्ही दहा वेळा धुतलं, काही झालं नाही." हे खरंही असेल. बऱ्याचदा त्या दिवशी काहीच होत नाही. पाणी प्लगच्या खोबणीत साचून राहतं, तांब्याच्या टोकांवर हिरवट बुरशीसारखा थर धरतो, आणि दोन महिन्यांनी गाडी चढावर गचके देऊ लागते. तोवर आपण धुतल्याचं विसरलेलो असतो. मग मेकॅनिक एकेक भाग बदलत जातो आणि बिल बघून आपण कंपनीच्या नावाने बोटं मोडतो.

तिसरे म्हणतात, जुन्या गाड्या धुतल्या तर कुठे काय व्हायचं? हाही गैरसमजच. मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी गेली ती २०२३च्या ऑक्टोबरअखेरीस. ती चालवलेल्या कोणालाही विचारा. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल गेली की टॅक्सी भर रस्त्यात बसायची, आणि ड्रायव्हर खाली उतरून ती टोपी फडक्याने पुसून पुन्हा बसवायचा. म्हणजे इंजिनाचं आणि पाण्याचं वाकडं पूर्वीपासूनच आहे. फरक इतकाच, की तेव्हा फडक्याने भागायचं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६चे नियम लागू झाल्यावरच्या गाड्यांत तर वायरी आणि सेन्सर यांचं एवढं जाळं आहे, की कुठे पाणी गेलंय हे शोधायला संगणक लावावा लागतो.

हा झाला यंत्राचा भाग. पण मला हा लेख लिहायला यंत्राच्या काळजीने बसवलेलं नाही.

आमच्या शाळेतून दहावी झालेला एक मुलगा गावातल्या अशाच एका सेंटरवर कामाला होता. नाव सांगत नाही, सेंटरचंही नाही. नुकत्याच आलेल्या गाडीचं बॉनेट उघडून त्याने फवारा मारला, तो तापलेल्या एक्झॉस्टवर पडला, आणि पाण्याची वाफ होऊन उलटी त्याच्या हातावर आली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोलली. मी बघायला गेले तेव्हा म्हणाला, "बाई, गिऱ्हाईक थांबत नाही. गार होऊ द्या म्हटलं की म्हणतात, दुसरीकडे जातो."

पाण्याची वाफ होती म्हणून हातावर निभावलं. रॉकेल आणि डिझेल साधारण दोनशे ते अडीचशे अंश तापमानाला ठिणगीशिवायही पेटू शकतात, आणि एक्झॉस्टचा भाग जोरात चाललेल्या गाडीत त्याहून कितीतरी जास्त तापतो. वर्गात उत्कलनबिंदू आणि ज्वलनबिंदू पाठ केलेल्या मुलांना आपण पगार देऊन नेमकं त्याच्याविरुद्ध वागायला लावतो. मालकाचा दोष आहेच. पण घाई कोणाची होती? गिऱ्हाइकाची. म्हणजे आपली. गार होण्यासाठी गाडी दोन तास सोडायची आपली तयारी नाही, म्हणून एका पोराने हात भाजून घ्यायचा.

आणि हे सगळं कशासाठी? चकाकीसाठी. त्या चकाकीचा खरा उपयोग कोणाला होतो ते सांगते. माझ्याबरोबर निवृत्त झालेल्या एका शिक्षकांनी फंडाच्या पैशातून जुनी गाडी घेतली. इंजिन आरशासारखं होतं, तेवढ्यावरच ते भुलले. महिनाभरात जळक्या तेलाचा वास येऊ लागला. इंजिनाच्या वरच्या झाकणातून ऑइल झिरपून एक्झॉस्टवर पडत होतं. गळती जुनीच होती. धुऊन तिची खूण तेवढी पुसून टाकली होती. धुळीने माखलेलं इंजिन खोटं बोलत नाही. कुठून तेल येतं, कुठून कूलंट पाझरतं, हे त्या धुळीवर डाग पडून दिसतं. म्हणून जुनी गाडी घेताना इंजिन चकचकीत दिसलं तर हुरळून जाऊ नका, शंका घ्या.

पाण्याचं तर काय बोलावं! मी लातूरची. एप्रिल २०१६ मध्ये धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं आणि मिरजेहून रेल्वेच्या टाक्या भरून आम्हाला प्यायला पाणी आणावं लागलं. त्या वर्षी घागरी घेऊन रांगेत उभं राहिलेल्या माणसाला, तेलकट इंजिनावर पाणी मारून तो काळा ओघळ गटारात सोडलेला बघवत नाही. कोणाला हा भावनेचा मुद्दा वाटेल. वाटू दे.

आता दुसऱ्या टोकाचे लोक. ते म्हणतात, "इंजिनाला हातच लावायचा नाही, सर्व्हिसिंगला बघतील ते." हेही मला मान्य नाही. काचेच्या खालच्या जाळीत झाडाची पानं साचतात, पावसाचं पाणी जायची भोकं बुजतात आणि ते पाणी गाडीच्या आत उतरतं. थंडीत उबेला उंदीर येतात, वायरी कुरतडतात, कापूस-चिंध्यांचं घरटं करतात. गरम इंजिनाजवळ वाळका पाला आणि कापूस! चूल पेटवायला आणखी काय लागतं? तेव्हा साफ तर करायलाच हवं. प्रश्न फक्त कसं, एवढाच आहे.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. बैलाच्या खांद्यावर वर्षभर जू असतं. तो खांदा गरम पाण्याने शेकतात, हळद आणि तूप-लोणी लावून हाताने मळतात. बैल नुसता छान दिसावा म्हणून हे नसतं. शिंगांना रंग, अंगावर झूल, ते सगळं दुसऱ्या दिवशी. आदल्या दिवशी हात फिरवायचा, कारण हात फिरवल्याशिवाय कळत नाही की कुठे सूज आहे, कुठे जखम आहे. आपण गाडीची झूल तेवढी उचलली आणि खांदेमळणी विसरलो.

म्हणून माझं म्हणणं : इंजिन धुऊ नका, पुसा. मी वर्षातून दोनदा पुसते, पावसाळा संपल्यावर आणि होळीनंतर. तासाभराचं काम आहे. रीत सांगते.

गाडी रात्रभर उभी असावी, सकाळी इंजिन पूर्ण गार असताना सुरुवात करावी. किल्ली खिशात नाही, घरात खुंटीला. बऱ्याच गाड्यांत रेडिएटरचा पंखा गाडी बंद असतानाही अचानक फिरू शकतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. बांगड्या, घड्याळ, अंगठी काढायची. पदर किंवा ओढणी घट्ट खोचायची. हातात रबरी मोजे, नाकाला फडकं.

मग बॅटरीची निगेटिव्ह, म्हणजे वजा खुणेची वायर आधी सोडायची. जोडताना ती शेवटी. कारण साधं आहे. गाडीची अख्खी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. आधी पॉझिटिव्ह सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर शॉर्ट होऊन ठिणग्या उडतील. नव्या गाडीत बॅटरी सोडण्याआधी पुस्तिकेत काय म्हटलंय ते वाचावं. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर नारंगी रंगाच्या जाड वायरींना हात लावायचा नाही, ते कंपनीच्या माणसाचं काम. सीएनजीचा वास आला तर सगळं तिथेच थांबवायचं.

पहिलं काम कोरडं. पानं, काड्या हाताने वेचायच्या. उंदराच्या लेंड्या असतील तर कोरड्या झाडायच्या नाहीत; जंतुनाशकाच्या पाण्याने भिजवून कागदाने उचलायच्या. लेप्टोचं दुखणं उंदराच्या मुतातून येतं, ते विसरू नका. नंतर मऊ ब्रशने धूळ काढायची. मग साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं फडकं. तांब्याभर पाणी पुरतं. तेलाचा थर असेल तिथे पाण्यात मिसळणारं डिग्रीझर, तेही इंजिनावर नाही, ब्रशवर घ्यायचं. रॉकेल, पेट्रोल, डिझेल बिलकुल नाही. आगीचं भय तर आहेच, शिवाय रबरी नळ्या त्याने फुगतात. फ्यूज बॉक्स आणि प्लगना फक्त कोरडं फडकं. पट्ट्यांना चमक आणणारं काही लावायचं नाही, त्या घसरतात.

बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवट थर असेल तर चमचाभर खायचा सोडा कपभर पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासायचा. फसफसतो, आम्ल मरतं. बॅटरीच्या झाकणातून तो आत जाऊ द्यायचा नाही. पुसून वर थोडं पेट्रोलियम जेली.

शेवटी फडकी मोजायची! किती घेतली होती, किती परत आली. आत राहिलेलं एक फडकं म्हणजे उंदराच्या घरट्यापेक्षा वाईट. बॉनेट अर्धा-पाऊण तास उघडं ठेवून सगळं वाळू द्यायचं, बॅटरी जोडायची, गाडी सुरू करून दोन मिनिटं कान आणि नाक उघडं ठेवायचं.

एवढं झाल्यावर इंजिन आरशासारखं दिसणार नाही. पण कोणती नळी कडक झालीय, कोणत्या वायरीचं आवरण कुरतडलंय, कूलंट कुठपर्यंत उतरलंय, हे तुम्हाला माहीत झालेलं असेल. मेकॅनिक जेव्हा सांगेल की अमुक बदलायला हवं, तेव्हा तुम्ही नुसती मान डोलावणार नाही. जेटने धुणाऱ्याला यातलं काहीही कळत नाही, आणि बाजूला मोबाईल बघत उभ्या असलेल्या मालकालाही नाही.

वॉशिंग सेंटरवाल्यांच्या पोटावर पाय द्यायची माझी इच्छा नाही. सगळ्यांनाच वाकून काम होतं असं नाही, मलाही आणखी किती वर्षं होईल कोण जाणे. त्यांनी पाटी बदलावी. 'इंजिन पुसून मिळेल. गाडी सकाळी सोडा, दुपारी न्या.' पैसे दुप्पट घ्यावेत, मी देईन. पण मागायला आधी आपल्याला शिकलं पाहिजे. गिऱ्हाइकाने चकाकी मागितली की दुकानदार चकाकीच विकणार.

असो. ज्यांना पटलं नाही त्यांनी खुशाल वाद घालावा, मला वादाचं वावडं नाही. फक्त येण्याआधी आपल्या गाडीचं बॉनेट एकदा स्वतः उघडून, आत काय काय आहे ते बघून या.