खतावणीबाहेरची सायकल

फ्रान्समधील सेंत-एतिएन येथे पॉल द विवी हा रेशमाचा व्यापारी राहत असे. १८८१ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याने पहिली सायकल घेतली. सहा तासांत शंभर किलोमीटर जाऊन दाखव, अशी पैज एका मित्राने घातली. त्या फेरीत डोंगरवाटेने त्याला असे भारून टाकले की पैजेपेक्षा वाटच मोलाची ठरली. पुढे १८८७ मध्ये त्याने रेशमाचा चालता धंदा विकला, सायकलींचे दुकान मांडले आणि सायकलस्वारांसाठी नियतकालिक सुरू केले. ‘वेलोसियो’ या टोपणनावाने तो ओळखला जाऊ लागला.

चढावर दम तुटू नये म्हणून त्याने बदलत्या गिअरचा पुरस्कार केला. शर्यतींच्या पुरस्कर्त्यांना तो दुबळेपणा वाटे. टूर द फ्रान्समध्ये तशा गिअरला १९३७ पर्यंत मुभा नव्हती. आज मात्र त्यावाचून तिथे कोणाची शर्यत होत नाही! वेलोसियो स्वतः शाकाहारी होता. भुकेपूर्वी खावे, तहानेपूर्वी प्यावे, प्रवासात मद्य, मांस व तंबाखू वर्ज्य करावा आणि केवळ दिमाखासाठी पायडल मारू नये, असे त्याचे सांगणे होते. हा माणूस आळशी नव्हता. दूरदूरच्या फेऱ्या त्याने हौसेने केल्या.

व्यापारी घरांत मात्र सायकल येते तीच विक्रीच्या लक्ष्यासारखा आकडा घेऊन: रोज वीस, महिन्याला सहाशे किलोमीटर. एके सकाळी मालाची गाडी लवकर येते, फेरी चुकते. थकबाकी वसूल करावी तसे दुसऱ्या दिवशी चाळीस काढले जातात. गुडघा धरतो आणि महागडी सायकल जिन्याखाली जाते. सकाळचा तो मोकळा तासही तिच्याबरोबर जातो, आणि खरी हानी तीच. दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेत साडेतेरा तास मिळतात. ज्यांना ती ओढ आहे त्यांनी अवश्य जावे. इतरांनी मीटर काढून ठेवला तरी चालेल. सोबत्याशी सलग बोलता येईल एवढाच वेग पुरे. बसण्याची उंची मात्र नीट हवी: टाच खालच्या पायडलवर टेकविली असता पाय सरळ व्हावा. चढ लागण्याआधीच हलका गिअर टाकावा. आणि तरीही चढ जड वाटला तर उतरून, सायकल हाती धरून, शेताकडे पाहत चालावे.