कोळंबी खा, वाइनला औषध म्हणू नका

डिसेंबरची थंडी पडली की गच्चीवर शेगड्या पेटतात. मसाला लावलेली कोळंबी निखाऱ्यावर भाजायची आणि सोबत नाशिकच्या वाइनचा ग्लास, हा बेत आता मध्यमवर्गीय घरांतही रुळला आहे. कोळंबीच्या हलक्या गोडव्याशी आंबटसर व्हाइट वाइन जुळते, हे खरेच. मात्र 'मासळी आणि वाइन, दोन्ही हृदयाला चांगले' म्हणत हा बेत आरोग्याच्या नावाखाली खपवला जातो, तेव्हा डॉक्टरांना बोलणे भाग पडते.

कोळंबीविषयी फारशी तक्रार नाही. १०० ग्रॅम शिजलेल्या कोळंबीत २० ग्रॅमहून अधिक प्रथिने असतात आणि चरबी अगदी कमी. कोलेस्टेरॉल बरेच असते. पण रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवण्यात संपृक्त चरबीचा वाटा मोठा, आणि ती कोळंबीत नगण्य असते. भाजताना वरून बटर ओतले की मात्र हिशेब बिघडतो.

काळजी घ्यायची ती करण्याच्या पद्धतीत. काळा दोरा काढून आले-लसूण, हळद, तिखट, लिंबू लावलेली कोळंबी अर्धा तास फ्रिजमध्येच मुरवावी. लिंबाच्या आम्लाने ती पांढरट, शिजल्यासारखी दिसू लागते. पण त्याने जंतू मरतातच असे नाही. आतपर्यंत ६३ अंश सेल्सिअसची उष्णता पोहोचायला हवी. दोन्ही बाजूंनी दोन-तीन मिनिटे भाजून मधला भागही पारदर्शक राहिला नाही, याची खात्री करावी. कच्च्या कोळंबीचा उरलेला मसाला उकळल्याशिवाय भाजलेल्या कोळंबीवर लावू नये. करपलेला भाग काढून टाकावा.

यकृताचा आजार असलेल्यांनी तर अर्धकच्च्या कोळंबीला हातही लावू नये. समुद्री अन्नातील 'व्हिब्रिओ व्हल्निफिकस' हा जिवाणू अशा रुग्णांच्या रक्तात शिरून जिवावर बेततो. ॲलर्जीचेही तसेच. ती ज्या प्रथिनामुळे होते, ते शिजवूनही नष्ट होत नाही आणि मद्यामुळे काहींना अधिक तीव्र त्रास होऊ शकतो. म्हणून पाहुण्यांना आधी विचारलेले बरे.

आता वाइन. २०२२ मध्ये राज्यात सुपरमार्केटमधील वाइनविक्रीवरून वाद झाला, तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असा युक्तिवाद झाला. शरीराला हा फरक कळत नाही. १२ टक्के अल्कोहोल असलेल्या १५० मिलिलिटर वाइनमधून सुमारे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जाते; ३० मिलिलिटर व्हिस्कीतून साधारण १० ग्रॅम. म्हणजे 'फक्त एक ग्लास' हा एका छोट्या पेगपेक्षा जास्त भरतो.

'रोज एक ग्लास रेड वाइन चालेल ना?' हा प्रश्न ओपीडीत नेहमीचाच. थोडी पिणाऱ्यांचे हृदय न पिणाऱ्यांपेक्षा निरोगी, असे सांगणाऱ्या अनेक जुन्या अभ्यासांत मोठी त्रुटी होती. आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही 'न पिणाऱ्यां'मध्ये मोजले गेले, त्यामुळे तो गट मुळातच अशक्त होता. अल्कोहोलयुक्त पेये कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच नोंदवले आहे. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित नाही, असे संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्या मधुमेहींची साखर तर मद्यामुळे धोकादायकरीत्या खाली येऊ शकते, आणि ती लक्षणे 'चढली आहे' म्हणून दुर्लक्षिली जातात.

ज्यांना प्यायचीच आहे, त्यांनी वाइन मद्य म्हणूनच मोजावी, गाडीची किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यावी. जे पीत नाहीत, त्यांनी हृदयासाठी म्हणून सुरू करू नये. कोळंबीला आंबट सोबत हवी, एवढाच प्रश्न असेल, तर कोकणाने त्याचे उत्तर केव्हाच शोधले आहे. ते म्हणजे सोलकढी.