यमाची घाई

मांडव्य ऋषींनी बालपणी गवताच्या काडीने पतंग टोचले, म्हणून यमधर्माने त्यांना पुढे सुळाचे भोग दिले. ऋषींनी उलट यमालाच शाप दिला आणि मर्यादा घातली : चौदा वर्षांपर्यंतचे कृत्य पाप धरायचे नाही. ही महाभारतातली कथा. आज पुष्कळांना यम होण्याची घाई झाली आहे!

१९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव मोटारीने दोन तरुणांचा बळी घेतला. ठपका १७ वर्षांच्या मुलावर आला. बाल न्याय मंडळाने ३०० शब्दांचा निबंध सांगून जामीन दिला, तेव्हा संताप मलाही आला. परंतु "वय उतरवा" ही ओरड मला मान्य नाही. किमान सात वर्षे शिक्षेच्या गुन्ह्यात १६ ते १८ वयाच्या मुलावर प्रौढासारखा खटला चालविण्याची वाट २०१५ च्या कायद्यात आहेच. जुलै २०२५ मध्ये मंडळाने पोलिसांची तशी मागणी फेटाळली. व्याख्या अपुरी वाटते? ती सुधारा. पण मोटारीची किल्ली दिली कोणी? पालकाला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद २०१९ पासून आहे. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून अटक झाली, ती डॉक्टरांना, पोरांना नव्हे.

आमच्या चकलांब्याच्या मुलखातली कितीतरी पोरे दिवाळीच्या सुमारास आईबापांमागे ऊसतोडीला जातात. त्यांतल्या एखाद्याचा पाय घसरला, तर त्याच्यासाठी बडा वकील कुठला? वय उतरले, की मोटारवाला वाट काढील आणि कोयतेवाल्याचा पोर अडकेल. वाचकहो, अठरा पुरी होईतो आपण त्याला मत देऊ देत नाही. मग तुरुंगाचे दार तेवढे आधी का उघडावे?