हात आवरण्याचं शिक्षण

अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये सुतारांच्या संघाचा दरारा होता. आधी उस्तादाच्या हाताखाली कैक वर्षं उमेदवारी करायची, मग स्वतःचं दुकान थाटायचं आणि प्रत्येक कपाट-खुर्चीवर आपल्या नावाचा ठसा मारायचा. राज्यक्रांतीत, १७९१ साली, हे संघ मोडीत निघाले. पुढे १८८६ मध्ये त्याच शहरात फर्निचरकामाची शाळा निघाली, आज ती ‘एकोल बूल’ म्हणून ओळखली जाते. उस्तादाच्या पडवीतली विद्या वर्गात आली, पण शिकवणीचा भर राहिला तो नवं घडवण्यावर. जुनं सांभाळायला वेगळं काही शिकावं लागतं, ही जाण फार उशिरा आली.

नोव्हेंबर १९६६ मध्ये आर्नो नदीचा पूर फ्लॉरेन्समध्ये शिरला. चित्रं, ग्रंथ, लाकडी मूर्ती चिखलात गेल्या आणि देशोदेशीचे जाणकार मदतीला धावले. आपण आज केलेली दुरुस्ती उद्या कुणाला सोडवता आली पाहिजे, हा विचार त्या काळात रुजत गेला. इंग्लंडमधलं वेस्ट डीन कॉलेज १९७१ चं. तिथे फर्निचर-संवर्धन शिकणाऱ्याच्या हातात पटाशी असते, तसा समोर सूक्ष्मदर्शकही असतो.

आपल्या सुतारांकडे यातलं अर्धं ज्ञान होतंच. जुन्या खुर्चीचं कुसू खाचेत बसवताना ते सरस लावत. सरसाला ऊब आणि ओल दिली की सांधा सुटतो, लाकूड फुटत नाही. १९५९ नंतर फेविकॉल आला, सरसाचं भांडं चुलीवरून उतरलं. नव्या कपाटाला फेविकॉल उत्तमच. पण शंभर वर्षांच्या खुर्चीत तो एकदा मुरला, की पुढच्या दुरुस्तीला सांधा उकलणं जिकिरीचं होतं.

आमच्या आजोबांचं शिसवी मेज पॉलिशला दिलं होतं. कारागीर प्रामाणिक होता, मेहनती होता. त्याने मशीन फिरवलं, शाईचे डाग गेले, कोपर टेकून पडलेला खोलगटपणा गेला, वर काचेसारखी चकाकी आली. त्याला दोष कसा द्यावा? थांबायचं कुठे, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

लखनौला सांस्कृतिक ठेव्याच्या संवर्धनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा १९७६ पासून आहे. आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवतात. या दोहोंची गाठ पडायला हवी: सुतारकाम झालेल्या मुलाला पुढची दोन वर्षं विद्यावेतनासह संग्रहालयात बसवा, आणि वाड्यांतल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना मानधन देऊन तिथे शिकवायला बोलवा. सरस कढवणारे हात अजून आहेत तोवरच हे व्हायला हवं.

त्या मेजाच्या खणाखाली मशीन पोचलं नव्हतं. तिथे घडवणाऱ्याने पेन्सिलीने घातलेले आकडे अजून दिसतात: १, २, ३.