सांडलेल्या रक्ताचा दोष कुणाचा?

फ्रान्स किंवा रशियाच्या क्रांतीचा विषय निघाला की आपल्या तरुणांत दोन तट पडतात. एक म्हणतो, एवढी माणसे मेली, दोष क्रांतीचाच. दुसरा म्हणतो, रक्त सांडल्याशिवाय बदल होत नाही. आम्हाला दोन्ही उत्तरे पटत नाहीत.

'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधात बाबासाहेबांनी वैशालीच्या सिंह सेनापतीचा प्रसंग दिला आहे. अहिंसा मानणाऱ्याने न्यायासाठीही लढू नये का, असे तो विचारतो. बुद्धांच्या उत्तराचा आशय असा, की शांततेचे सर्व मार्ग संपल्यावर हिंसेची जबाबदारी युद्ध सुरू करणाऱ्यावर येते.

ही कसोटी आपल्याच अंगणात लावू. आम्ही राहतो त्या उलव्यातल्या अनेक इमारती साडेबारा टक्के योजनेच्या भूखंडांवर उभ्या आहेत. त्या हक्कामागे जासई-नवघरचे आंदोलन आहे. सिडकोने घेतलेल्या जमिनींना रास्त मोबदला मिळावा म्हणून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उतरले. 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. बंदूक कुणाकडे होती आणि मागणी कुणाची होती, हे विसरून 'दोन्ही बाजूंची चूक' म्हणणे हा न्याय नव्हे.

11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात तेच झाले. पुतळ्याच्या विटंबनेने संतापलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या. 10 जण गेले. जमाव टँकर पेटवणार होता, असे सांगण्यात आले. गुंडेवार आयोगाने मात्र गोळीबार असमर्थनीय ठरवला. तरी 'रस्ता अडवला म्हणून घडले' असे आजही ऐकावे लागते. रस्ता अडवण्याची शिक्षा मृत्यू, हे कोणत्या कायद्यात आहे?

पण हीच कसोटी आपल्यालाही लागू आहे. संविधानिक मार्ग खुले असताना असंविधानिक मार्गांचे समर्थन होऊ शकत नाही, हे बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बजावले होते. मार्ग खुला असताना आपल्यातल्या कुणी दगड उचलला, तर तो दोष आपला. सत्ता हाती आल्यावर क्रांतिकारकांनी निःशस्त्र विरोधकांना संपवले, तर तो दोष त्यांचा. आधीच्या राजाचा जुलूम सांगून तो पुसला जात नाही.

म्हणून मित्रांनो, पुढच्या वेळी वाद घालताना आधी विचारा: शांततेचे मार्ग कुणी बंद केले? पहिला वार कुणी केला? मेलेल्यांच्या हातात काय होते? उत्तर आपल्या विरोधात गेले तरी ते मान्य करा.

जय भीम!