‘हामायसिन’मधला ‘हा’

पेशवे दफ्तरातील रुमालांवर रात्र रात्र वाद घालणाऱ्या इतिहासप्रेमी मित्रांनो, आज पुण्याजवळच्याच दुसऱ्या एका दफ्तराविषयी लिहितो. ते पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याचे.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली ही कंपनी स्थापन झाली. पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी तेथे मातीतील सूक्ष्मजीव तपासत होते, हे फारसे कोणी सांगत नाही. पिंपरीच्या मातीत सापडलेल्या एका जीवाणूचे नाव त्यांनी गावावरूनच ठेवले: स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. त्यापासून मिळालेले बुरशीनाशक १९६१ साली जाहीर झाले, तेच हामायसिन. त्यातील ‘हा’ हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा.

हे जगातील पहिले बुरशीनाशक प्रतिजैविक मात्र नव्हे. एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन यांना १९५० मध्येच निस्टॅटिन सापडले होते, आणि त्यांनीही त्याला आपल्या न्यूयॉर्क राज्याचेच नाव दिले. अभिमान बाळगावा, पण सनावळी सांभाळून.

हे औषध मारते कसे? जिवंत पेशी पोटॅशियमचे आयन आत साठवून ठेवते आणि तिचे पटल ते अडवून धरते. आमच्या गोंदियात तलावाच्या पाळीला भगदाड पडले की साठलेले पाणी जसे निघून जाते, तसेच येथे होते. हामायसिन बुरशीच्या पटलातील अर्गोस्टेरॉलला जाऊन भिडते, पटलाला छिद्रे पडतात आणि आयन बाहेर वाहून जातात. व्हॅलिनोमायसिनची रीत निराळी. ते पोटॅशियमचा एकेक आयन कवेत घेऊन पटलापार नेते, वैनगंगेवरच्या डोंग्यासारखे. माणसाच्या पेशींत अर्गोस्टेरॉलऐवजी कोलेस्टेरॉल असते, म्हणून हामायसिनचा मारा मुख्यतः बुरशीवर होतो. मुख्यतः, सर्वस्वी नव्हे.

त्याच प्रयोगशाळेतून, त्याच कुळातले ऑरिओफंगिन पुढे पिकांसाठी आले: संत्र्याच्या डिंक्यावर, भाताच्या करप्यावर. करपा म्हणजे काय, हे आमच्या धानाच्या जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. म्हणून पिंपरीचा हा इतिहास मला पुण्यापुरता वाटत नाही.

डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कारखान्याची अतिरिक्त जमीन विकण्याचा निर्णय घेतला. तेव्हापासून चर्चा जमिनीच्या भावाची. तो कारखाना तोट्यात का गेला, यावर वाद जरूर घालावा. पण त्यासाठी कागद तरी हाती हवेत. ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स बुलेटिन’मध्ये छापून आले ते यश. वाया गेलेले मातीचे नमुने, फसलेल्या चाचण्या, किण्वनाच्या टाक्यांवरील रात्रपाळ्या हे सारे शोधायचे ते नोंदवह्यांत आणि जुन्या कामगारांच्या आठवणींत. ती पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. पिंपरी-चिंचवडच्या मित्रांनी पुढचा गडकोट महिनाभर थांबवावा आणि मुलाखतींना आधी जावे.